वाटेत मोडलेला लेथ

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे छोटे वर्कशॉप आहे. बाबांनी ते उभे केले आणि गेली अकरा वर्षे मी ते त्यांच्याबरोबर चालवते. साखर कारखान्यांच्या पंपांचे शाफ्ट (फिरणारे दांडे), स्लीव्ह आणि बुश (दांड्याभोवतीच्या नळ्या) ही आमची मुख्य कामे. गळीत हंगाम संपला की कारखान्यांमध्ये दुरुस्त्या निघतात, त्यामुळे मे ते ऑक्टोबर हे आमच्या कमाईचे महिने असतात. दीड मीटरपेक्षा लांब शाफ्ट आमच्या लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, बसत नसल्याने ते काम दरवर्षी दुसऱ्याकडे द्यावे लागे. म्हणून २०२३ च्या जूनमध्ये आम्ही दोन सेंटरमध्ये, म्हणजे काम धरणाऱ्या दोन टोकांमध्ये, दोन मीटर अंतर असलेला एचएमटी कंपनीचा एक जुना एनएच-२६ लेथ विकत घेतला. तो बंगळूरहून कोल्हापूरला येताना वाटेत मोडला. त्यानंतरच्या साडेचार महिन्यांत काय काय करावे लागले, ते इथे सविस्तर लिहीत आहे. कारण जुने यंत्र परगावाहून मागवणाऱ्या लहान कारखानदाराला ही माहिती एका ठिकाणी मिळत नाही, आणि मलाही ती मिळाली नव्हती.

एनएच-२६ मधला २६ हा आकडा सेंटरची उंची, म्हणजे २६० मिलिमीटर, सांगतो. १९५३ मध्ये बंगळुरात स्थापन झालेल्या एचएमटीच्या लेथवर जुन्या टर्नर मंडळींचा आजही विश्वास आहे, कारण त्याचा जाड बेड (खालचा लांब ओतीव पाया) आणि भक्कम हेडस्टॉक (काम फिरवणारे डोके) नीट वापरला तर पिढी बदलली तरी काम देतो. बाबांचे स्वतःचे शिक्षण हरिहरला बनलेल्या किर्लोस्कर लेथवर झाले, पण एचएमटी घ्यायची इच्छा त्यांच्या मनात फार वर्षे होती.

यंत्र पाहायला आम्ही दोघे बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत गेलो. जुन्या यंत्रांच्या त्या व्यापाऱ्याकडे बाबांनी जवळजवळ पाऊण दिवस घालवला. सोबत नेलेला डायल (शतांश मिलिमीटर मोजणारे घड्याळासारखे उपकरण) आणि मॅग्नेटिक बेस लावून त्यांनी स्पिंडलच्या, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, नाकाशी फिरक (फिरताना होणारी डगमग) तपासली, मग टेस्ट मँड्रेल (तपासणीचा अचूक सरळ दांडा) बसवून ३०० मिलिमीटर अंतरावर तीच तपासणी केली, लीड स्क्रू (हत्यार सरकवणारा लांब आट्यांचा दांडा) मधोमध डायल धरून फिरवून पाहिला आणि प्रत्येक गतीवर यंत्र चालवून गिअरचा आवाज ऐकला. जे आकडे आले ते त्यांनी एका कागदावर लिहिले. त्याच कागदावर दोषही लिहिले: चकाजवळ (काम पकडणाऱ्या भागाजवळ) बेडची चार शतांश मिलिमीटर झीज, कूलंट पंप बंद, क्रॉस स्लाइडच्या हँडलमध्ये ढिलाई. माझे लक्ष परतीच्या गाडीकडे होते आणि इतके लिहून कशासाठी घ्यायचे, असे मी त्यांना विचारलेही. त्यांनी उत्तर दिले नाही. व्यापाऱ्याची सही आणि शिक्का घेतला, आणि प्रत्येक आकड्याच्या वेळी डायलचा फोटो मला काढायला लावला. नव्या यंत्राबरोबर कंपनीचा टेस्ट चार्ट येतो, जुन्याला असे काही नसते. प्रवासात नुकसान झाल्यावर वाहतूकदार आणि विमा कंपनी या दोघांचाही पहिला प्रश्न एकच असतो, की हे मोडलेले आधीपासूनच नव्हते कशावरून? त्याचे उत्तर आमच्याजवळ होते ते केवळ बाबांच्या त्या कागदामुळे.

यंत्राची किंमत जीएसटी वगळून ४,२०,००० रुपये ठरली. वाहतुकीचा निर्णय मात्र माझा होता आणि तो चुकला. पूर्ण गाडी केली तर भाडे ३२,००० रुपये, आणि इतर मालाबरोबर पार्ट लोडमध्ये पाठवले तर १४,०००. अठरा हजार वाचतात म्हणून मी पार्ट लोड निवडला. पार्ट लोडचा माल बहुतेक वेळा मधल्या गोडाऊनमध्ये उतरवून दुसऱ्या गाडीत चढवतात, हे मला ऐकून माहीत होते. पण तीन टनांचे, एका टोकाला जड असलेले यंत्र अनोळखी माणसांच्या हातून पुन्हा एकदा उचलले जाणार आहे, हा विचार मी केला नाही. विमा मी घेतला होता. यंत्राची किंमत, भाडे आणि त्यावर दहा टक्के असा हिशेब धरून ४,८०,००० रुपयांची, फक्त त्या एका प्रवासापुरती पॉलिसी. एजंटने सर्व जोखमींचे म्हणजे ‘ए’ क्लॉजचे संरक्षण असल्याचे सांगितले. ‘बी’ क्लॉजमध्ये आग, वीज, पूल कोसळणे, गाडीची टक्कर किंवा गाडी उलटणे एवढ्याच गोष्टी येतात आणि चढउतार करताना आपटलेला माल त्यात बसत नाही. त्यामुळे ‘ए’ घेतला हे बरेच झाले. जुन्या यंत्रांसाठी पॉलिसीला आणखी एक कलम जोडलेले होते, ते मात्र मी वाचले नाही. त्याविषयी पुढे येईलच.

८ जुलैला पीण्यात माल भरला गेला. व्यापाऱ्याच्या फोरमनने काम चोख केले होते. सॅडल (हत्यार वाहणारा सरकता भाग) टेलस्टॉकच्या, म्हणजे हेडस्टॉकसमोरच्या टोकाच्या आधाराच्या, बाजूला सरकवून लॉक केले होते, टेलस्टॉक शेवटपर्यंत नेला होता, बेडवर ग्रीस लावून वर फळ्या बांधल्या होत्या, आणि दोन जाड लाकडी स्लीपरवर यंत्राचे पाय चार बोल्टांनी आवळले होते. क्रेनचा बेल्ट बेडच्या खालून घेतला होता आणि लीड स्क्रूला तो लागू नये म्हणून मध्ये लाकडी ठोकळे घातले होते. लेथ उचलताना हीच एक गोष्ट सांभाळायची असते. बेल्ट किंवा चेन लीड स्क्रूवरून गेली की यंत्राचे सगळे वजन त्या दीड इंची दांड्यावर येते आणि तो वाकतो. फोरमनने हे सगळे मोबाइलवर चित्रित करून मला पाठवले, कारण उरलेले पैसे गाडी निघाल्यावर द्यायचे ठरले होते.

गाडी १३ जुलैला दुपारी आली. कोल्हापुरात पाऊस लागलेला होता. ताडपत्री मागच्या बाजूने फाटलेली होती आणि फाळका उघडताच यंत्र एका बाजूला झुकलेले दिसले. मी गाडीत चढले. हेडस्टॉकखालच्या पायाचा कोपरा बोल्टच्या भोकासकट तुटून पडला होता, लीड स्क्रू मधोमध नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका वाकला होता, खालचा फीड रॉडही (सॅडल आपोआप सरकवणारा दांडा) वाकला होता आणि एप्रनचे, म्हणजे सॅडलच्या पुढच्या पेटीचे, हातचाक तुटून आरा लोंबकळत होता. बेडवरच्या फळ्या नव्हत्या आणि ग्रीस धुऊन गेलेल्या पट्ट्यावर तांबूस गंज चढला होता. बाबा खाली उभे होते. त्यांनी वर येऊन पाहिले, लीड स्क्रूवर हात ठेवला आणि काहीही न बोलता खाली उतरले.

ड्रायव्हर तरुण होता आणि त्याला सांगलीला पोहोचायचे होते. “ताई, सही करा, मला निघायचं आहे. तक्रार असेल ती ऑफिसात सांगा,” असे तो म्हणत होता. त्या वेळी बिल्टीवर (वाहतुकीच्या पावतीवर) कोरी सही करून दिली असती तर पुढचे सगळे फार अवघड झाले असते, कारण माल सुस्थितीत मिळाल्याची ती पोच ठरते. मी यंत्र उतरवू दिले नाही. आधी गाडीच्या नंबरासह, चारही बाजूंनी, यंत्र होते त्याच अवस्थेत फोटो काढले आणि मग पोचपावतीच्या प्रतीवर लिहिले: ‘यंत्र उतरवण्यापूर्वी गाडीतच तुटलेल्या अवस्थेत आढळले. हेडस्टॉकखालचा पाय फुटला आहे, लीड स्क्रू व फीड रॉड वाकले आहेत, एप्रनचे हातचाक तुटले आहे, बेडवर गंज आहे. ताडपत्री फाटलेली. यंत्राखाली लाकडी स्लीपर नाहीत. सविस्तर तपासणीच्या अधीन राहून ताब्यात घेतले.’ खाली तारीख, वेळ, माझी सही. ड्रायव्हरने सही करायला नकार दिला. त्याच्या मालकाशी फोनवर अर्धा तास बोलणे झाले आणि अखेर बाबांनी त्याला आत बोलावून चहा दिला. “पोरा, तू पाडलेलं नाहीस हे आम्हांला दिसतंय. तू फक्त जे समोर आहे त्याला सही कर,” असे त्यांनी सांगितल्यावर त्याने सही केली. मग तोच म्हणाला, “मामा, मी हुबळीपासून निघालोय. आधीची गाडी वेगळी होती.”

स्लीपर नसल्याचे कारण तेव्हा कळले. हुबळीच्या गोडाऊनमध्ये दुसऱ्या गाडीत जागा पुरावी म्हणून स्लीपर काढून टाकले असावेत आणि चेन मिळेल तिथून अडकवून यंत्र उचलले असावे, असा आमचा तर्क झाला. लीड स्क्रूच्या आट्यांच्या माथ्यावर कडीच्या आकाराचे दाब ठरावीक अंतराने उमटलेले होते. भिंग लावायचीही गरज नव्हती, बोट फिरवले तरी ते जाणवत होते.

त्याच संध्याकाळी विमा कंपनीला फोन केला आणि फोटोंसह ईमेल पाठवला. तिथून सूचना मिळाली की सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारे, येईपर्यंत यंत्राला हात लावू नका. हायड्रा (फिरती क्रेन) बोलावून यंत्र आहे तसेच शेडमध्ये उतरवले आणि तुटलेले तुकडे एका पोत्यात भरून, पोत्याला चिठ्ठी बांधून ठेवले. आमच्या हेल्परने जमिनीवर पडलेला पायाचा तुकडा पुसायला घेतला होता, तेव्हा बाबा त्याच्यावर ओरडले. ते का ओरडले हे मला दोन दिवसांनी समजले.

सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आले. साठीच्या आसपासचे, शांत गृहस्थ. त्यांनी पॉलिसी, बिल, बिल्टी आणि ई-वे बिल (मालवाहतुकीचे जीएसटीचे ऑनलाइन पत्र) मागितले, यंत्राभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, “मॅडम, यंत्र जुने आहे. पायातली चीर जुनी नाही असे मी कशावरून म्हणू?” बाबांनी पोते उघडून तो तुकडा त्यांच्या हातात दिला. कास्ट आयर्न ताजे तुटले की तुटलेला भाग करडा, चमकदार आणि बारीक साखरेसारखा रवाळ दिसतो. जुनी चीर असेल तर तिच्यात तेल मुरलेले असते, धूळ आणि गंज बसून ती काळी पडलेली असते. तो तुकडा कडेपासून कडेपर्यंत करडा होता, आणि पावसाच्या पाण्याने एका टोकाला नुकता पिवळसर डाग धरू लागला होता. त्यावरच्या हिरव्या रंगाची कडही धारदार होती, कुठे मळ भरलेला नव्हता. सर्व्हेअरांनी खिशातून भिंग काढले, तुकडा दाराजवळ उजेडात नेला आणि बराच वेळ पाहून त्याचे स्वतः फोटो घेतले. हेल्परने तो तुकडा रॉकेलच्या फडक्याने पुसला असता तर हा पुरावा आमच्याच हाताने गेला असता.

तुटलेल्या कोपऱ्यापासून वर चीर किती गेली आहे हे पाहायला आम्ही त्यांच्यासमोर डाय टेस्ट केली. पृष्ठभाग स्वच्छ करून लाल डाय फवारली, पंधरा मिनिटे मुरू दिली, वरची डाय पुसली आणि पांढरा डेव्हलपर मारला. आधी काहीच दिसले नाही. मग पांढऱ्या पुडीतून एक केसासारखी लाल रेघ उमटू लागली, हळूहळू जाड झाली आणि बेडच्या सांध्याच्या दिशेने चढत गेली. मोजली तेव्हा ती २८० मिलिमीटर भरली, पण बेडपर्यंत पोहोचलेली नव्हती. बाबा इतका वेळ श्वास रोखून उभे असावेत, कारण मी “बेडला लागलेली नाही” असे म्हटल्यावर ते पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. पाय दुरुस्त करता येतो, पण बेडला चीर गेली असती तर यंत्र भंगारात काढावे लागले असते.

त्यानंतर डायल लावून एकेक माप घेतले. लीड स्क्रूची मधली फिरक १.८ मिलिमीटर आली. पीण्यात ती एक दशांशाच्या आत होती. स्पिंडलची मापे मात्र जवळजवळ पूर्वीचीच आली, म्हणजे हेडस्टॉकला धक्का लागलेला नव्हता. सर्व्हेअरांनी पीण्यातला कागद आणि नवी मापे शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्ही आपल्या टिपणात उतरवून घेतली. पुढचा त्यांचा प्रश्न पॅकिंगचा होता, आणि तो महत्त्वाचा होता, कारण अपुऱ्या किंवा अयोग्य पॅकिंगमुळे झालेले नुकसान ‘ए’ क्लॉजमध्येही वगळलेले असते. फोरमनचे चित्रीकरण दाखवल्यावर स्लीपर, बोल्ट, बेल्टखालचे ठोकळे सगळे स्पष्ट दिसले. गाडी बदलल्याचा पुरावा ई-वे बिलातच निघाला. माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत गेला की त्या बिलाच्या ‘पार्ट बी’मध्ये नवा नंबर भरावा लागतो आणि तो कोणत्या ठिकाणी, किती वाजता भरला हे त्यावर उमटते. पीण्यातून निघालेल्या गाडीचा नंबर एक होता, आणि हुबळीहून, ११ जुलैच्या रात्री, दुसरा नंबर भरलेला होता.

वाहतूकदाराच्या शाखेत मी चार वेळा गेले. त्यांचे म्हणणे एकच होते: बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’ (जोखीम मालकाची) छापलेले आहे, माल जुना आहे, आमची जबाबदारी नाही. नुकसानीचा दाखला देण्यासही ते तयार नव्हते. पोचपावतीवरच्या शेऱ्याची प्रत समोर ठेवल्यावर पाचव्या दिवशी त्यांनी तो दिला. या टप्प्यावर मी ओळखीच्या वकिलांचा सल्ला घेतला आणि त्यांनी समजावलेला कायदा इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. १८६५ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा २००७ चा रस्ते वाहतूक कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्यानुसार वाहतूकदाराचा निष्काळजीपणा मालकाने सिद्ध करावा लागत नाही, आणि नुसते ‘ओनर्स रिस्क’ छापल्याने वाहतूकदार मोकळा होत नाही. परंतु दोन मर्यादा आहेत. एक, माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस पोहोचली पाहिजे, नाहीतर दावाच करता येत नाही. दिवस माल हाती आल्यापासून मोजले जात नाहीत, हे नीट लक्षात ठेवावे. दोन, जादा जोखमीचा दर कबूल करून तसे लिहून घेतलेले नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच राहते. माझे भाडे १४,००० होते, म्हणजे कमाल १,४०,०००. मी अठरा हजार वाचवले तेव्हा ही मर्यादाही खाली आणली होती, हे मला त्या दिवशी कळले.

नोटीस २४ जुलैला रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, कोल्हापूरची शाखा आणि बंगळूरचे मुख्य कार्यालय अशा दोन्ही पत्त्यांवर पाठवली. आमच्या बाबतीत शेवटची तारीख ४ जानेवारी २०२४ होती, पण विमा कंपनी पैसे देण्याआधी ही नोटीस गेलेली असावी लागते, कारण पुढे वाहतूकदाराकडून वसुली करण्याचा हक्क तिच्याकडे जातो. ती नोटीस राहून गेली तर विमा कंपनीला दावा कमी करायला किंवा नाकारायला कारण मिळते.

दुरुस्तीची परवानगी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आली. पाय वेल्डिंग करून घ्या, स्वस्तात होईल, असा सल्ला उद्यमनगरात पुष्कळांनी दिला. बाबांनी तो मानला नाही. कास्ट आयर्नमध्ये कार्बन जास्त असल्यामुळे वेल्डिंगच्या कडेचा भाग कडक आणि ठिसूळ होतो, थंड होताना आकसतो आणि बहुधा जोडाला लागूनच नवी चीर पडते. हे टाळायचे तर आख्खा पाय सुटा करून भट्टीत तापवावा लागतो आणि मग बेड टेकणारी मशिनिंग केलेली बाजू वाकण्याची भीती असते. म्हणून आम्ही मेटल स्टिचिंग करवून घेतले. ते काम करणारे कारागीर पुण्याहून आले आणि चार दिवस राहिले.

ते काम मी जवळ बसून पाहिले. चिरेला आडवी अशी भोकांची रांग पाडतात, भोके एकमेकांना जोडून खाच करतात आणि त्या खाचेत त्याच आकाराची निकेल मिश्रधातूची पट्टी छोट्या हातोड्याने थर थर ठोकून बसवतात. कपडा शिवताना आडवे टाके पडतात, तसे ते दिसते. मग चिरेच्या रेषेवर एकाला लागून एक, थोडे एकमेकांत शिरणारे, आटे पाडलेले स्टड बसवत जातात, म्हणजे चिरेची सबंध लांबी भरून निघते. यात कुठेही उष्णता दिली जात नाही. तुटलेला कोपरा त्याच पद्धतीने परत जोडला गेला. कारागीर हातोडा मारताना मध्येच थांबून आवाज ऐकत असत. पट्टी पूर्ण बसली की टोला बोथट न वाजता भरीव वाजतो, असे त्यांनी मला सांगितले आणि पुढच्या तीन पट्ट्या ऐकल्यावर तो फरक मलाही कळू लागला.

लीड स्क्रू सरळ करून घ्यावा असे सर्व्हेअरांनी सुचवले होते. आम्ही प्रेसवर प्रयत्न केला आणि फिरक दोन दशांशांपर्यंत खाली आलीही, पण चेनने दाबलेल्या आट्यांवर हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा अर्धा नट) अडकत होता, त्यामुळे नवा लीड स्क्रू बनवून घेणे भाग पडले. बेडवरचा गंज काढून चकाजवळच्या भागात हाताने स्क्रेपिंग (खरवडून सपाट करणे) करून घेतले. २ सप्टेंबरला लेवल काढून, पाय ग्राउटिंग करून (सिमेंटात पक्के बसवून) यंत्र चालू झाले.

हिशेब असा लागला. लीड स्क्रू, फीड रॉड, हातचाक व इतर सुटे भाग ६०,००० रुपये. स्टिचिंग, जोडणी, अलाइनमेंट आणि क्रेन मिळून ७३,०००. बेडचा गंज आणि स्क्रेपिंग १८,०००. एकूण १,५१,०००. मला वाटले होते की ४,८०,००० चा विमा आहे, तर हे सगळे मिळेल. इथे ते न वाचलेले कलम पुढे आले. जुन्या यंत्राचा एखादा भाग बदलावा लागला, तर नव्या यंत्राच्या किमतीशी विम्याच्या रकमेचे जे प्रमाण असेल त्याच प्रमाणात त्या भागाची किंमत मिळते. सर्व्हेअरांनी तशाच क्षमतेच्या नव्या लेथची किंमत १२ लाख धरली; ४,८०,००० हे त्याचे ४० टक्के, म्हणून ६०,००० च्या भागांचे मला २४,००० मिळाले. भाग बसवण्याची मजुरी आणि दुरुस्तीचे ७३,००० पूर्ण मान्य झाले. गंज आणि त्यासाठी केलेले स्क्रेपिंग पॉलिसीत स्पष्ट वगळलेले होते. ९७,००० मधून पॉलिसीतली ५,००० ची वजावट आणि मोडक्या भागांच्या भंगाराचे २,००० वजा होऊन नोव्हेंबरच्या शेवटी ९०,००० रुपये खात्यात जमा झाले. मी त्या कलमावर वाद घातला नाही. त्यामागचा हेतू मला समजतो. जुने यंत्र कमी किमतीला विमा उतरवून त्याला सगळे नवे भाग विम्यातून बसवले जाऊ नयेत, हे रास्तच आहे. मला वाईट वाटले ते एवढ्याचेच की एजंटने हे कलम एका वाक्यात सांगितले असते, तर विमा उतरवतानाच हा फरक मी हिशेबात धरला असता.

पैसे मिळताना वसुलीचे हक्क विमा कंपनीच्या नावे करून देणारे पत्र मी सही करून दिले. वाहतूकदाराशी पुढचा व्यवहार आता ती कंपनी पाहते. पॉलिसीबाहेर राहिलेले ६१,००० रुपये आमचेच गेले. त्या हंगामातली लांब शाफ्टची कामे सप्टेंबरपर्यंत बाहेर द्यावी लागली, त्याचा तोटा वेगळा, आणि तो कोणत्याच पॉलिसीत बसत नाही.

पीण्यातल्या व्यापाऱ्याला मी सगळा प्रकार कळवला होता. त्याचा दोष नव्हता, तरी त्याने क्रॉस स्लाइडचे नवे हँडल आणि एक जुना पण चांगला कूलंट पंप स्वतःच्या खर्चाने पाठवला. त्याच्या फोरमनने विचारून घेतले की बेल्टखालचे ठोकळे पोहोचले का. ते नव्हते पोहोचले.

यंत्राला आम्ही पुन्हा हिरवा रंग दिला, पण पायावरची शिवण बाबांनी रंगवू दिली नाही. तिच्यावर पातळ तेलाचा हात फिरवलेला असतो आणि टाक्यांच्या चकचकीत पट्ट्या लांबूनही दिसतात. दर सहा महिन्यांनी, दिवाळीला आणि गुढीपाडव्याच्या सुमारास, मी ती पुसून तिच्यावर डाय मारते, पंधरा मिनिटे थांबते आणि पांढरा डेव्हलपर फवारते. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसतात. आतापर्यंत पांढऱ्यावर लाल उमटलेले नाही.